पुन्हा येणारा चट्टा आणि त्याची बदलती नावं : पार्श्वभूमी

ऐरोलीत राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या फायलीत बायोप्सीचे तीन रिपोर्ट आहेत. २००२च्या रिपोर्टवर ‘व्हीआयएन ३’ लिहिलंय, २००९च्या रिपोर्टवर ‘व्हीआयएन, युज्वल टाइप’ आणि २०१९च्या रिपोर्टवर ‘हाय ग्रेड’. व्हीआयएन म्हणजे योनीबाहेरच्या त्वचेतले कर्करोगाआधीचे बदल. जागा तीच, खाज तीच, विषाणूही तोच : एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. २००९मध्ये तीनचा, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा, आकडा दिसेनासा झाला तेव्हा बाईंनी घरी शिरा केला. दहा वर्षांनी ‘हाय ग्रेड’ वाचून रात्रभर डोळा लागला नाही. आजार मात्र या काळात उतरलाही नव्हता आणि चढलाही नव्हता. फक्त त्याचं नाव बदललं होतं.

एचपीव्ही म्हटलं की आपल्याकडे गर्भाशयमुखाचीच गोष्ट निघते, आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे. हाच विषाणू बाहेरच्या त्वचेवर, गुदद्वाराभोवती आणि पुरुषांच्या इंद्रियावरही बदल घडवतो. ते काढले तरी पुन्हा येतात. याची चर्चा कमी होते, कारण जागा अडचणीची.

जुना इतिहास थोडक्यात. १९११मध्ये पॅरिसच्या एका डॉक्टरांनी पुरुषांच्या इंद्रियावरच्या लाल, मखमली चट्ट्याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं न हटणाऱ्या चट्ट्यांचे दोन रुग्ण नोंदवले. त्यावरून ‘बोवेनचा आजार’ हे नाव पडलं. विषाणूचा संशय तेव्हा कोणालाच नव्हता. १९७०च्या दशकात तरुणांमध्ये दिसणाऱ्या तपकिरी पुटकुळ्यांना ‘बोवेनॉईड’ म्हणू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या दिसत, पण पुष्कळदा आपोआप मावळत. १९८३मध्ये एका जर्मन प्रयोगशाळेने एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि या सगळ्या विखुरलेल्या नावांमागचा धागा सापडला.

खरा गुंता त्यानंतरचा आहे. १९८६मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जुनी नावं मोडीत काढली आणि व्हीआयएन १, २, ३ अशा तीन पायऱ्या ठरवल्या. हा जिना गर्भाशयमुखाच्या वर्गीकरणावरून उसना घेतलेला होता. बाहेरच्या त्वचेत तसा जिना आहे, याला आधार फारसा नव्हता. ज्याला ‘१’ म्हटलं जायचं ते बहुधा साध्या चामखिळीतले बदल असायचे, नाहीतर खाजवून खाजवून चिडलेली त्वचा. बायोप्सीच्या तुकड्याची एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टांनी पाहिली तर एकमत होईलच याचा भरवसा नव्हता. तरीही ‘१’ पुढे ‘३’ होणार या धास्तीने शस्त्रक्रिया होत राहिल्या.

२००४मध्ये त्याच मंडळींनी ‘१’ यादीतून काढून टाकला. २ आणि ३ एकत्र केले आणि विभागणी पायरीऐवजी कारणावर केली. एक प्रकार एचपीव्हीचा, म्हणून ‘युज्वल’. दुसरा विषाणूशी संबंध नसलेला, बहुधा वयस्क बायकांमध्ये लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचाविकाराने पांढऱ्या, पातळ पडलेल्या त्वचेवर उगवणारा. हा दुसरा कमी आढळतो, पण कर्करोगाकडे जास्त वेगाने जातो. माझ्या मते २००४चा निर्णय या सगळ्या वादातला सर्वांत शहाणा होता. ज्याला हात लावायची गरज नाही त्याला आजाराचं नावच द्यायचं नाही, इतका सरळ हिशेब त्यामागे होता.

तो टिकला नाही. २०१२मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी गर्भाशयमुख, योनी, तिच्याबाहेरची त्वचा, गुदद्वार, पुरुषांचं इंद्रिय या सगळ्यांसाठी एकच दुपदरी भाषा सुचवली : लो ग्रेड आणि हाय ग्रेड. शंका असेल तिथे पेशींतलं पी-१६ नावाचं प्रथिन दाखवणारी रंगचाचणी करून खात्री करायची. विषाणू एकच, तर नावंही एकच, हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण त्याने आठ वर्षांपूर्वी दारातून बाहेर काढलेला ‘१’ लो ग्रेडच्या वेषात खिडकीतून परत आला. शिवाय लायकेनवाल्या प्रकाराला या दुपदरी घरात खोलीच नव्हती. जो जास्त घातक, तोच बेघर! २०१५मध्ये तडजोड झाली. ‘लो ग्रेड’ शब्द राहिला, पण त्याच्या जोडीला ‘चामखीळ किंवा एचपीव्हीचा परिणाम’ असं लिहायचं, म्हणजे कोणी त्याला कर्करोगाची पहिली पायरी समजून सुरी उचलणार नाही. दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र नाव परत मिळालं. या तडजोडीला दुसरी बाजूही आहे. लो ग्रेड म्हटलं की निदान रुग्ण तपासणीला येत राहते, नाव नसलं की फिरकत नाही, असं काही डॉक्टर म्हणतात. त्यात तथ्य असेलही, पण धास्तीच्या जोरावर फेऱ्या मारायला लावणं मला पटत नाही.

रिपोर्टवर कोणतं नाव येईल हे मग पुष्कळदा लिहिणारा कोणत्या काळात शिकला त्यावर ठरतं. ऐरोलीच्या बाईंच्या फायलीत ही सगळी वर्षं एकावर एक टाचलेली आहेत.

मराठीतही एक पेच आहेच. आपण ‘कर्करोगपूर्व’ म्हणतो. पूर्वसंध्या म्हटली की दुसऱ्या दिवशी सण ठरलेलाच असतो, तसा हा शब्द कानाला लागतो. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात उपचार न घेतलेल्या ८८ जणींपैकी ८ जणींना पुढे कर्करोग झाला होता. आठ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, म्हणून उपचार लागतातच. पण उरलेल्या ऐंशीही लक्षात ठेवायला हव्यात. ठाण्यात तर ‘परळला पाठवलंय’ एवढं ऐकलं तरी शेजारपाजारचे आवाज खाली येतात. परळचं ते टाटा रुग्णालय १९४१चं, म्हणजे या शब्दाला तीन पिढ्यांची भीती चिकटलेली आहे. अलीकडे नवी मुंबईत, टाटाच्याच तिथल्या केंद्रामुळे, ‘खारघरला दाखवतेय’ या वाक्याचंही तसंच होऊ लागलंय.

उपचारांचा इतिहास हा कमी कमी कापण्याचा इतिहास आहे. एके काळी सबंध बाह्य भाग काढून टाकत. १९६०च्या दशकाच्या शेवटी फक्त त्वचा सोलून तिथे दुसरीकडची त्वचा लावायची पद्धत आली, पुढे लेसर आला. पण काहीही केलं तरी साधारण तिघींत एकीला चट्टा परत येतो, काही अभ्यासांत त्याहून जास्त जणींना. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या शेजारच्या त्वचेतही विषाणू असतो. चट्टा कापता येतो, विषाणू कापता येत नाही. चामखिळींसाठी वापरलं जाणारं इमिक्विमोड हे मलम शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच तिथे बोलावतं. २००८मध्ये नेदरलँड्समधल्या ५२ जणींच्या अभ्यासात मलम लावलेल्या २६पैकी २१ जणींचे चट्टे एक चतुर्थांशाहून जास्त आक्रसले, नऊ जणींचे पूर्ण गेले. औषध नसलेलं नुसतं मलम दिलेल्या गटात एकीचेही आक्रसले नाहीत. २०२२मध्ये शंभरावर बायकांच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर मलम आणि शस्त्रक्रिया जवळजवळ बरोबरीत निघाल्या : अनुक्रमे ८० आणि ७९ टक्के जणींचे चट्टे पूर्ण गेले. मलमाने आग होते, कातडी सोलवटते, कधी तापासारखं वाटतं. तरी जिच्यावर आधीच दोनदा सुरी चाललीय तिला हा पर्याय आहे हे सांगितलं गेलं पाहिजे. अर्थात आत कर्करोग दडलेला नाही, हे तुकडा तपासून आधी ठरवावं लागतं.

मलमावरून आठवलं. आपल्याकडे खालची खाज म्हणजे नायटा, हे ठरलेलं. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉईड मिसळलेली ट्यूब आणून महिनोन्महिने लावली जाते. २०१८मध्ये अशा कितीतरी मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली, पण सवय कायद्याने जात नाही. स्टिरॉईडने खाज थोपते, चट्टा राहतो, आणि बायोप्सी लांबते.

महाराष्ट्रातल्या मोठ्या अभ्यासांची नजरही गर्भाशयमुखावरच होती. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९मध्ये आले : एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये व्हिनेगरच्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं. दोन्हींचं मोल मोठंच. पण बाहेरची त्वचा त्यांच्या प्रश्नातच नव्हती.

एचपीव्हीच्या लसीचंही तसंच. आंध्र आणि गुजरातमधला २००९चा लसीकरण प्रकल्प वाद होऊन पुढच्या वर्षी थांबवला गेला आणि त्या वादाची सावली देशभर दशकभर राहिली. पुण्यात तयार झालेल्या लसीला २०२२मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३च्या जानेवारीत ती बाजारात आली. ज्या मुलींना अजून विषाणू भेटलेलाच नाही त्यांच्यासाठी ती आहे. आधीपासून मुक्कामाला असलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. शस्त्रक्रियेनंतर लस दिल्यास चट्टे परत येणं कमी होतं का, यावर एकमत नाही.

गुदद्वाराबाबत मात्र २०२२मध्ये ठोस उत्तर मिळालं. एचआयव्ही असलेल्या सुमारे साडेचार हजार अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात हाय ग्रेड बदलांवर उपचार केल्याने कर्करोग ५७ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते, मग ते किडनी बदललेले असोत की एचआयव्हीचे, त्यांना हे बदल जास्त होतात आणि जास्त वेळा परत येतात. सिगारेटही त्यात भर घालते.

सहा-सहा महिन्यांच्या फेऱ्या हा या आजारासोबत जगण्याचा सर्वांत रटाळ भाग. ऐरोलीच्या बाई २००२मध्ये बसने ठाण्याला येऊन तिथून परळची लोकल पकडत, घरी मात्र ‘दाताच्या डॉक्टरकडे’ असं सांगून. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, हे आलं कुठून? विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्यामुळे कोणाकडून आणि केव्हा आला हे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही. हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं ते २०१९मध्ये, तिसऱ्या रिपोर्टच्या वेळी. त्याच दिवशी डॉक्टरांनी फायलीच्या पुठ्ठ्यावर तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली आणि शेजारी बॉलपेनने एकच मोठा महिरपी कंस काढला.