पार्श्वभूमी : बेळगाव सीमाभाग आणि लशीवरचा विश्वास

मुंबईत १८९६ मध्ये आलेला प्लेग वर्ष-दोन वर्षांत बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंत पोचला. सोबत आला १८९७ चा साथरोग कायदा. घराची झडती, स्टेशनावर उतारूंची तपासणी, संशयिताला उचलून छावणीत टाकणे, सगळे त्या कायद्यात बसत होते. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत जे केले त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरच्या गोळीबारात झाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, त्यामुळे पुण्याची बातमी इथे परक्या मुलखाची नव्हती.

त्याच वर्षाच्या जानेवारीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी हुबळीत हजारो लोकांना ती देण्यात आली. उपाय खरा होता, पण त्याच्या आधी सोजिराचा बूट दारात पोचला होता. माझ्या मते इथल्या अविश्वासाची पहिली गाठ तिथे पडली, आणि ती विज्ञानापेक्षा सत्तेविषयीची होती. लोकमान्य टिळकांनी सरकारच्या जुलमावर सडकून टीका केली, पण प्लेगच्या रुग्णांसाठी पुण्यात रुग्णालयही उभे केले. विरोध कशाला करायचा आणि कशाला नाही, हे त्यांना नीट कळत होते.

टिळकांचे नाव ज्या वसाहतीला मिळाले, त्या टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान बेळगावकरांना झाडांसाठी आणि सकाळच्या फेरफटक्यासाठी माहीत आहे. इथे देवीची लस तयार होत असे, हे तरुण पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या काळची पद्धत अशी : वासराच्या पोटावरचे केस भादरायचे, कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांत लशीचे बीज चोळायचे, पाच-सहा दिवसांनी फोड आले की ते खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचे. गावोगाव फिरणारा देवी काढणारा हीच लस दंडावर टोचायचा. आजी-आजोबांच्या दंडावरचे गोल वण त्याचेच.

वासराचा संबंध आला की धर्माचा प्रश्न येणारच. खुद्द गांधीजींनी आपल्या आरोग्यविषयक लेखनात देवीची लस गलिच्छ ठरवली होती. जनावराच्या अंगातून काढलेला अंश शरीरात घालणे त्यांना अधर्म वाटे. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते याच टिळकवाडीत आले. ज्यांच्या शब्दावर माणसे तुरुंगात जात होती, त्यांचे लशीबद्दलचे मत हलके कसे ठरेल? गांधीजींविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते की या बाबतीत ते चुकले. देशात कोरड्या स्वरूपात देवीची लस बनवणाऱ्या मोजक्या संस्थांत पुढे बेळगावचे नाव होते, आणि १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

मधल्या काळात १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सरकारी कागद कन्नडमध्ये येऊ लागला. न वाचता येणाऱ्या सूचनेवर कुणी मनापासून विश्वास ठेवत नाही, मग ती आरोग्याची का असेना. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीने देशभर सरकारी सुईची जी धास्ती बसली, तिचीही यात भर पडली.

मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने करोनाचे पहिले नियम काढले ते त्याच १८९७ च्या कायद्याखाली. त्या वर्षी कोव्हॅक्सिन या करोनावरच्या देशी लशीच्या मानवी चाचण्यांसाठी देशात जी बारा केंद्रे निवडली गेली त्यांत बेळगावचे एक खासगी रुग्णालय होते. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती नसतानाच या लशीला परवानगी मिळाली. लस चांगली निघाली, पण शंकेला जागा दिल्लीनेच करून दिली.

मे २०२१ मध्ये बेळगावच्या एका आमदारांनी हवा शुद्ध करण्यासाठी रस्त्यारस्त्यांत होम फिरवला. त्याच महिन्यात गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरमध्ये मठाच्या घोड्याच्या अंत्ययात्रेला टाळेबंदी मोडून शेकडो माणसे जमली. रोग पळावा म्हणून तो घोडा गावात सोडला होता. प्रशासनाने गाव सील केले. भाबड्या गावकऱ्यांपेक्षा मला त्या आमदारांचा राग येतो, कारण त्यांच्या हाती लसीकरणाची यंत्रणा होती.

लशीवरचा विश्वास ढळायला आणखी एक कारण घडले, ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या, निपाणीजवळच्या कोगनोळी तपासणी नाक्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येकाकडे ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागितला जाई, दोन्ही डोस घेतलेल्यांकडेही. इथल्या माणसाचा दवाखाना, बाजार आणि सोयरीक कोल्हापूर-इचलकरंजीकडे असते. लशीचे प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवूनही त्याला परत फिरवणार असाल, तर त्याचा प्रश्न रास्तच होता : मग ही लस घ्यायला सांगितली कशाला?