समाश्रयणातील नमुना भार

नमुना पाहणीत निवडले गेलेले कुटुंब किंवा व्यक्ती मूळ समष्टीतील, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांतील, किती जणांच्या वतीने बोलते, हे सांगणाऱ्या संख्येला नमुना भार म्हणतात. निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्त हा मूळ भार असतो. प्रतिसाद न देणाऱ्यांची भरपाई व्हावी आणि जनगणनेच्या आकड्यांशी मेळ बसावा, म्हणून त्यात पुढे दुरुस्त्या होतात. सरासरी किंवा एकूण काढताना भार वापरावा, याबद्दल फारसा वाद नाही. समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये), म्हणजे एका चलाचा इतर चलांशी असलेला संबंध मोजताना, मात्र तो आहे.

समजा, समष्टीतील ९० टक्के कुटुंबे ग्रामीण आहेत, पण शहर आणि ग्रामीण भागातून प्रत्येकी ५०० कुटुंबे निवडली. शहरी कुटुंबाचा भार १ धरला, तर ग्रामीण कुटुंबाचा ९ येतो. उत्पन्नाचा शिक्षणाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारखाच असेल आणि क्षेत्र (शहरी की ग्रामीण) हे चल प्रतिमानात घेतले असेल, तर भार न लावताही उतार, म्हणजे शिक्षण वाढल्यास उत्पन्नात होणाऱ्या बदलाचा दर, योग्यच मिळतो. संबंध वेगवेगळा असल्यास भारित लघुतम वर्ग पद्धती (भार लावून केलेले समाश्रयण) समष्टीसाठी एक सरासरीवजा उतार देते. पण तेव्हा शिक्षण आणि क्षेत्र यांचे गुणनपद (दोन्ही चलांचा गुणाकार) घालून दोन्ही उतार वेगळे दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. निवडच उत्पन्न पाहून झाली असेल, उदाहरणार्थ गरीब कुटुंबे मुद्दाम जास्त घेतली असतील, तर गोष्ट बदलते: भार वगळल्यास आकलन एका बाजूला झुकते आणि नमुना वाढवूनही तो झुकाव जात नाही.

भारांची किंमत अचूकतेत मोजावी लागते. भारांच्या बेरजेच्या वर्गाला त्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की परिणामी नमुना संख्या, म्हणजे तितकीच अचूकता देणाऱ्या बिनभाराच्या नमुन्यातील संख्या, मिळते; संख्याशास्त्रज्ञ किश यांचे हे ढोबळ सूत्र वरील १,००० कुटुंबांना सुमारे ६१० वर आणते. म्हणून भार खरोखर हवेत का, हे तपासण्यासाठी ड्यूमाउचेल आणि डंकन यांनी १९८३ मध्ये सुचवलेली कसोटी वापरतात. तीत भार आणि भाराने गुणलेली स्वतंत्र चले प्रतिमानात घालून त्यांचे सहगुणक एकत्रितपणे शून्य आहेत का, हे पाहिले जाते.

सर्वांत जास्त चुका प्रमाण त्रुटीत, म्हणजे आकलन किती अनिश्चित आहे ते सांगणाऱ्या मापात, होतात. नमुना भार हे वारंवारता म्हणून दिले, तर संगणक १,००० ऐवजी ५,००० निरीक्षणे आहेत असे समजतो आणि त्रुटी फसव्या लहान दाखवतो. स्टाटा या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींसाठी वेगळे पर्याय आहेत. आर भाषेतील 'सर्व्हे' पॅकेजला तर भारांबरोबर स्तर (ज्या गटांतून वेगवेगळी निवड झाली ते) आणि समूहही (एकत्र निवडलेल्या वस्त्या) सांगता येतात, कारण एकाच वस्तीतून घेतलेली कुटुंबे परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत.