लॉगिन मोडणं वेगळं, परवानगी न तपासणं वेगळं

वेबसाइटवरून ग्राहकांची माहिती बाहेर गेली असं कळलं, की तुळजापूरचा लॉजवाला असो की लातूरचं मंगल कार्यालय, पहिला सल्ला एकच मिळतो: पासवर्ड बदला. त्यामागोमाग दुसरा, ओटीपी लावा. सल्ले चांगलेच आहेत. पण बुकिंग प्लगइनमध्ये (वेबसाइटला बुकिंगची सोय जोडणाऱ्या तयार कोडमध्ये) पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या एका दोषावर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही, आणि मालकाला मात्र आपण बंदोबस्त केला असं वाटत राहतं.

वेबसाइटकडे कुठलीही मागणी आली की सर्व्हरने, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाने, दोन गोष्टी पाहायच्या असतात. मागणारा कोण आहे, आणि तो जे मागतोय ते त्याला द्यायचं की नाही. पहिल्या तपासणीला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसरीला ऑथोरायझेशन. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. दुसरी तपासणी राहून गेली किंवा चुकली, की त्या दोषाला ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात.

पहिली तपासणी मोडते तेव्हा चोर दुसऱ्याचं सोंग घेऊन आत येतो. मालकाचा पासवर्ड सोपा असतो, चुकीचा पासवर्ड कितीही वेळा टाकून पाहता येतो, नाहीतर लॉगिन झालेल्या ब्राउझरची कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, चोरीला जाते. इथे पासवर्ड बदलणं, सगळी जुनी सत्रं (आधीपासून चालू असलेली लॉगिन) बंद करणं, ओटीपी लावणं हेच खरे उपाय.

दुसरी मोडते तेव्हा सोंग घ्यावंच लागत नाही. समजा, नवरात्रासाठी तुळजापुरात खोली घेतलेला एक भाविक स्वतःच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने लॉगिन करतो. त्याच्या पावतीच्या पत्त्याच्या शेवटी १०४८ असा आकडा आहे. तो तिथे १०४९ टाकतो आणि दुसऱ्याच कुटुंबाची पावती उघडते: नाव, मोबाइल, किती माणसं, कुठल्या तारखेला. लॉगिन अगदी चोख झालं. सर्व्हरने हा कोण ते विचारलं, १०४९ याची आहे का ते विचारलं नाही.

नुसतं वाचता येणं एकवेळ कमी नुकसानीचं. तोच आकडा बुकिंग रद्द करणाऱ्या मागणीत बदलता आला तर? वैशाखातल्या दाट तिथीला कुणीतरी मंगल कार्यालयाची तारीख परस्पर मोकळी करतो, ती दुसऱ्याला दिली जाते, आणि पत्रिका वाटून झाल्यावर दोन्ही वऱ्हाडांना ते कळतं. हे नुकसान पैशात भरून निघत नाही.

हा दोष प्लगइनमध्येच एवढा का सापडतो, याला कारण आहे. लॉगिनचं काम वर्डप्रेस, म्हणजे अशा वेबसाइट ज्यावर उभ्या असतात ते सॉफ्टवेअर, स्वतः करतं. तो कोड एकदा लिहिलेला आहे आणि जगभर तपासला जातो. पण बुकिंग क्रमांक १०४८ कुणाचा, हे वर्डप्रेसला माहीत नसतं. ते प्लगइन लिहिणाऱ्याने प्रत्येक कृतीसाठी वेगळं तपासायचं असतं: पाहणं, बदलणं, रद्द करणं, यादी एक्सेलमध्ये उतरवणं. यातली एक जागा सुटली तरी पुरे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत २०१७ साली हा दोष पाचवा होता, २०२१ मध्ये पहिला झाला. लॉगिनचे दोष त्याच काळात दुसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर गेले.

कोड लिहिणारे कुठे फसतात तेही पाहण्यासारखं आहे. वर्डप्रेसमध्ये 'इज अ‍ॅडमिन' नावाचं फंक्शन आहे. समोरचा माणूस अ‍ॅडमिन आहे का हे ते सांगत नाही. मागणी अ‍ॅडमिन भागातल्या पानासाठी आहे का, एवढंच सांगतं. अ‍ॅडमिन-एजॅक्सवर, म्हणजे पान न बदलता मागण्या घेणाऱ्या फाइलवर, आलेल्या कुणाच्याही मागणीला ते 'हो' म्हणतं. नॉन्सचंही तसंच. मागणी आपल्याच पानावरून आली का, हे पाहायला तो तात्पुरता टोकन, म्हणजे खुणेचा कोड, असतो. अधिकार तपासायला त्याच्यावर विसंबू नका, असं वर्डप्रेसच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. अधिकार तपासतं ते 'करंट यूजर कॅन' हे फंक्शन. त्यातही बुकिंग प्लगइनची एक खास अडचण आहे. अनेक प्लगइन प्रत्येक ग्राहकाचं खातं उघडतात. त्यामुळे 'लॉगिन असलेल्यांनाच परवानगी' म्हणजे आजवर खोली घेतलेल्या प्रत्येकाला परवानगी.

प्लगइनच्या सुरक्षासूचनेत 'अनऑथेंटिकेटेड' हा शब्द दिसला तर लॉगिन मोडलंय असं समजू नका. तो दोष वापरायला लॉगिनचीही गरज नाही, असा त्याचा अर्थ. 'सब्स्क्रायबर' लिहिलं असेल तर साधं ग्राहक खातं पुरतं. दोन्हींवर उपाय दुरुस्त आवृत्ती टाकणं हाच. दुरुस्ती अजून आलेली नसेल तर प्लगइन बंद करून काही दिवस फोनवर बुकिंग घ्यावं. नुसतं बुकिंगचं पान किंवा 'रद्द करा' हे बटण लपवून भागत नाही, कारण मागणी पानाशिवायही पाठवता येते.

आपल्या वेबसाइटवर हे तपासणं अवघड नाही. दोन ग्राहक खाती उघडा, दोन्हींतून एकेक बुकिंग करा, आणि एका खात्यातून दुसऱ्याची पावती उघडते का ते पाहा. दुसऱ्याच्या वेबसाइटवर मात्र हा प्रयोग करू नका, तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पाहुण्यांच्या आधारचे फोटो वर्डप्रेसच्या अपलोड्स फोल्डरमध्ये साठत असतील तर ते आधी हलवा. तिथल्या फाइलचा पत्ता ज्याला माहीत, त्याला ती सहसा कुठल्याही तपासणीशिवाय मिळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दोष सापडलाच, तर अपडेटनंतर लगेच सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग (आलेल्या मागण्यांची नोंद) उतरवून घ्या. स्वस्तातल्या होस्टिंगवर तो फार दिवस ठेवला जात नाही. एकाच आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) १०४८, १०४९, १०५० असे आकडे ओळीने मागितलेले दिसले, तर कुणाकुणाची माहिती गेली ते त्यावरून कळतं, आणि त्या कुटुंबांना फोन करता येतो.