वर्षाच्या बोलीवरचे पाद्री : वसाहतकालीन व्हर्जिनियातील धर्मगुरूंच्या निवडीची पार्श्वभूमी

इ.स. १७३६ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीतील ट्रूरो पॅरिशला पाद्री हवा होता. पॅरिश म्हणजे चर्चच्या कारभारासाठी आखलेला इलाखा, आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाला व्हेस्ट्री म्हणत. ट्रूरोच्या व्हेस्ट्रीपुढे तिचे सभासद ऑगस्टीन वॉशिंग्टन यांनी चार्ल्स ग्रीन यांचे नाव सुचवले. ग्रीन पेशाने वैद्य होते आणि त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेली नव्हती. लंडनच्या बिशपांकडून, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकडून, ती घेऊन आल्यावर त्यांनी काम सुरू करावे असे ठरले, आणि १७३७ पासून १७६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्याच पॅरिशमध्ये राहिले. त्यांच्यामागे व्हेस्ट्रीने ली मॅसी यांना निवडले, ते वकील होते. दीक्षेसाठी तेही इंग्लंडला जाऊन आले. या दुसऱ्या निवडीच्या वेळी व्हेस्ट्रीत ऑगस्टीन यांचे चिरंजीव जॉर्ज वॉशिंग्टन सभासद होते.

वैद्य आणि वकील यांतून पाद्री घडवण्याची ही तऱ्हा आज विचित्र वाटते, परंतु तिच्यामागे एक साधी अडचण होती. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाप्रमाणे दीक्षा फक्त बिशप देऊ शकतो, आणि इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींत शेवटपर्यंत एकही बिशप नव्हता. अमेरिकेचे पहिले बिशप सॅम्युएल सीबरी यांचा अभिषेक १७८४ मध्ये झाला, तोही स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर आणि इंग्लंडमध्ये नव्हे तर स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे. तोवर वसाहतींची जबाबदारी रूढीने लंडनच्या बिशपांकडे होती. ज्याला पाद्री व्हायचे असेल त्याने दीडदोन महिन्यांचा समुद्रप्रवास करून लंडन गाठावे, देवीची साथ आणि वादळ यांतून वाचून परत यावे, असा तो मामला होता. वसाहतींत जाणाऱ्या पाद्र्याला वाटखर्चासाठी राजाकडून वीस पौंड मिळत. त्यामुळे बहुतेक पॅरिशना इंग्लंड, स्कॉटलंड वा आयर्लंडहून येणाऱ्या अनोळखी माणसावर अवलंबून राहावे लागे. ट्रूरोप्रमाणे ओळखीचाच माणूस दीक्षेला पाठवणे हा त्यावरचा एक उपाय होता.

निवड करणारे कोण होते, हे पाहिल्याशिवाय पुढचे भांडण समजत नाही. १६४३ च्या कायद्याने पाद्री निवडण्याचा अधिकार व्हेस्ट्रीकडे आला आणि १६६२ च्या कायद्याने व्हेस्ट्रीचे रूप पक्के केले : पॅरिशमधील बारा प्रतिष्ठित गृहस्थ, आणि त्यांपैकी एखादा वारला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या जागी कोण बसेल हे उरलेल्यांनीच ठरवायचे. म्हणजे एकदा निवडलेले मंडळ स्वतःच स्वतःला जन्म देत राहिले. हे बाराही जण बहुधा तंबाखूचे मोठे मळेवाले असत, आणि त्यांतलेच काही जिल्हा न्यायालयात न्यायाधीश व विधिमंडळात प्रतिनिधी असत. चर्चची देखभाल, गोरगरिबांचा सांभाळ, अनाथ मुलांना कामाला लावणे आणि यासाठी कर बसवणे, हे सारे त्यांच्या हाती होते. कर डोईवर होता : सोळा वर्षांवरील गोरे पुरुष आणि त्याच वयाचे गुलाम स्त्रीपुरुष मोजले जात. गुलामांच्या डोक्यांचा कर त्यांचे मालक भरत, पण तो गुलामांनीच पिकवलेल्या तंबाखूतून भरला जाई. ज्यांच्या कष्टातून पाद्र्याचा पगार निघे त्यांना त्याच्या निवडीत काडीचाही अधिकार नव्हता, हे त्या काळच्या वादांत कोणी उच्चारलेलेही आढळत नाही.

पगारही तंबाखूतच मिळे. १६९६ च्या कायद्याने तो वर्षाला १६,००० पौंड वजनाची तंबाखू असा ठरला. शिवाय राहते घर आणि कसायला ‘ग्लीब’ नावाची जमीन असे. आपल्याकडच्या देवस्थान इनामाशी तिचे बरेच साम्य आहे. कागदावर सर्व पॅरिश समान होते, व्यवहारात नव्हते. ज्या भागात ‘स्वीट-सेंटेड’ नावाची सुगंधी, महाग तंबाखू पिके तेथील १६,००० पौंडांना चांगला भाव येई, तर ‘ओरोनोको’ जातीच्या भागातील तेवढ्याच वजनाला पुष्कळ कमी. नवा पाद्री पॅरिशची चौकशी करताना मातीचीही चौकशी करी, आणि हलक्या मातीच्या पॅरिशला चांगला माणूस मिळणे कठीण जाई.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडच्या पद्धतीप्रमाणे निवडलेल्या पाद्र्याला व्हेस्ट्रीने गव्हर्नरपुढे उभे करायचे आणि गव्हर्नरने त्याची विधिवत प्रतिष्ठापना करायची, असा क्रम होता. प्रतिष्ठापना झाली की पद, घर आणि जमीन यांवर त्याचा तहहयात हक्क बसे, आणि पॅरिशच्या लोकांना तो आवडेनासा झाला तरी त्यांना तो काढता येत नसे. मराठी वाचकाला हे वतनाच्या भाषेत चटकन कळेल : ग्रामजोशाचे वतन एकदा लागले की गावाला जोशी बदलता येत नसे. वतन वंशपरंपरा चाले, पाद्र्याचा हक्क त्याच्या मरणाबरोबर संपे, एवढाच फरक. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांना हे वतन द्यायचेच नव्हते. म्हणून ते पाद्री निवडत, त्याला चर्चमध्ये उभे करत, पगार देत, पण गव्हर्नरपुढे नेत नसत. वर्षाच्या बोलीवर ठेवत आणि वर्षअखेरीस पटले तर बोली वाढवत. निवड अशी अर्धीच ठेवण्यात त्यांची सारी सत्ता होती.

गव्हर्नरांना हे खुपत होते, कारण यात त्यांचाही अधिकार बुडत होता. १७०३ मध्ये गव्हर्नर फ्रान्सिस निकल्सन यांनी इंग्लंडचे ॲटर्नी जनरल एडवर्ड नॉर्दी यांचा अभिप्राय मिळवला : निवडीचा हक्क पॅरिशचा खरा, पण सहा महिन्यांत तो बजावला नाही तर गव्हर्नर स्वतः पाद्री नेमू शकतो. निकल्सन यांनी या अभिप्रायाच्या प्रती व्हेस्ट्र्यांना धाडल्या. व्हेस्ट्र्यांनी त्या आपल्या वह्यांत उतरवून घेतल्या आणि कारभार पूर्वीसारखाच चालू ठेवला. पुढे गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवुड यांनी राजाचा प्रतिनिधी या नात्याने नेमणुकीचा हक्क मूळचा आपलाच आहे, असा दावा मांडला. १७१९ मध्ये विल्यम्सबर्ग येथे पाद्र्यांची सभा भरली, तिच्यातही या प्रश्नावरून फूट पडली.

या सभेत स्पॉट्सवुड यांच्या विरुद्ध बाजूला होते जेम्स ब्लेअर. १६८९ पासून ते लंडनच्या बिशपांचे व्हर्जिनियातील प्रतिनिधी होते, परंतु प्रतिनिधीला दीक्षा देता येत नसे, फक्त देखरेख करता येई. विल्यम अँड मेरी कॉलेजची सनद त्यांनीच १६९३ मध्ये मिळवली, आणि ते वसाहतीतच पाद्री तयार करील अशी त्यांची अपेक्षा होती. पाद्र्यांना कायम हक्क मिळावा, असे लिहिणारा हा माणूस प्रसंग आल्यावर मात्र मळेवाल्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांची पत्नी हॅरिसन या बड्या मळेवाल्या घराण्यातली होती, हे येथे नजरेआड करून चालणार नाही. अँड्रॉस, निकल्सन आणि स्पॉट्सवुड या तिन्ही गव्हर्नरांना परत बोलावले जाण्यात ब्लेअर यांचा हात होता. १७२४ मध्ये लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी वसाहतींतील पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली, तीत ‘आपली प्रतिष्ठापना होऊन किती काळ लोटला’ असा एक प्रश्न होता. व्हर्जिनियातून आलेल्या बहुसंख्य उत्तरांतून ती झालेलीच नाही असे दिसले.

व्हेस्ट्रीची बाजू अगदीच पोकळ होती, असे म्हणता येणार नाही. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाची पारख होण्यास वेळ लागतो, आणि त्याला शासन करील असा बिशप जवळ नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण शेजारच्या मेरीलँडमध्ये होते. तेथे वसाहतीचा मालक लॉर्ड बॉल्टिमोर थेट नेमणूक करी आणि पॅरिशला ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. त्याचे मित्र बेनेट ॲलन यांना १७६८ मध्ये फ्रेडरिक येथील ऑल सेंट्स हा अत्यंत फायद्याचा पॅरिश मिळाला, तेव्हा लोकांनी चर्चला कुलूप घातले. ॲलन तरीही आत शिरले आणि विरोधकांवर त्यांनी पिस्तूल रोखले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतही पाद्री लंडनच्या संचालकांकडूनच येई. ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडले ते सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले, पण तेथे बसणाऱ्या इंग्रजांना आपला धर्मगुरू निवडण्याचा अधिकार नव्हता. तो कंपनीचा पगारी नोकर होता.

बोलीवरच्या पाद्र्याची गत काय होई, हे व्हर्जिनियातील लुनेनबर्ग पॅरिशच्या विल्यम के यांच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १७४० नंतरच्या दशकात त्यांनी गर्वाच्या पापावर प्रवचन दिले, आणि व्हेस्ट्रीतील बडे मळेवाले लँडन कार्टर यांनी ते स्वतःवर ओढवून घेतले. व्हेस्ट्रीने के यांना काढले, चर्चची दारे बंद केली आणि ग्लीबची जमीन दुसऱ्यांना कसायला दिली. के यांनी पगारासाठी नव्हे तर जमिनीवरील अतिक्रमणासाठी फिर्याद केली, आणि ही चाल हुशारीची होती, कारण जमिनीवर ताबा कोणाचा हे ठरवण्यासाठी पद कोणाचे हे न्यायालयाला ठरवावेच लागले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. दरम्यान विधिमंडळाने नवा कायदा करून दोन्ही पक्षांना काही ना काही दिले : व्हेस्ट्रीने एकदा स्वीकारलेल्या पाद्र्याला प्रतिष्ठापनेवाचूनही पदाचा व जमिनीचा हक्क मिळाला, आणि जागा रिकामी झाल्यावर बारा महिने निवडीचा हक्क फक्त व्हेस्ट्रीचा राहिला. गव्हर्नरांच्या हाती फारसे काही उरले नाही.

पदावरून काढता येत नाही म्हटल्यावर भांडण पगारावर आले. १७५८ मध्ये अवर्षणाने तंबाखू बुडाली, भाव पौंडाला सहा पेन्सपर्यंत चढले, आणि विधिमंडळाने तंबाखूतील देणी पौंडाला दोन पेन्स या दराने रोख फेडण्याची मुभा दिली. १६,००० पौंडांचे बाजारभावाने सुमारे ४०० पौंड रोख झाले असते, ते १३३ वर आले. जॉन कॅम हे पाद्री लंडनला गेले आणि राजाने १७५९ मध्ये तो कायदा रद्द केला. त्या जोरावर जेम्स मॉरी यांनी हॅनोव्हर जिल्ह्यात थकबाकीचा दावा लावला. १७६३ च्या १ डिसेंबरला नुकसानभरपाईची रक्कम ठरवण्यासाठी ज्यूरी बसली, तेव्हा पॅरिशच्या बाजूने पॅट्रिक हेन्री हा तरुण वकील उभा राहिला. न्यायासनावर त्याचे वडील होते, आणि पाद्री असलेल्या त्याच्या काकांना, पुतण्या पाद्र्यांवर तोंडसुख घेणार म्हणून, बाहेर थांबण्याची विनंती करण्यात आली होती. हेन्रीने प्रजेचा हितकारी कायदा रद्द करणाऱ्या राजावरच ठपका ठेवला, आणि ज्यूरीने मॉरी यांना एक पेनी भरपाई दिली.

यानंतर तेरा वर्षांनी क्रांतीच्या विधिमंडळाने पाद्र्यांचे सरकारी पगार १७७७ पासून थांबवले, १७७९ मध्ये ते कायमचे बंद झाले आणि १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. ग्लीबच्या जमिनी तेवढ्या उरल्या होत्या. १८०२ च्या कायद्याने त्याही विकायचे ठरले, मात्र जागेवर असलेला पाद्री मरेपर्यंत किंवा आपणहून सोडून जाईपर्यंत त्याच्या ताब्यातील जमिनीला हात लावायचा नव्हता. तिचा लिलाव त्याच्यामागे व्हायचा होता.