काळा रंग म्हणजे कडक बिअर नव्हे
बिअर जितकी काळी तितकी कडक, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असला तरी तो चुकीचा आहे. रंग येतो तो करपत आणलेल्या थोड्याशा बार्लीतून. मद्यार्क मात्र यीस्टने आंबवलेल्या साखरेतून तयार होतो, आणि म्हणूनच काळीभोर गिनेस ड्राफ्ट सुमारे ४.२ टक्क्यांची, तर सोनेरी बेल्जियन डुवेल ८.५ टक्क्यांची असते. अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जाणारी, पुढे ‘इम्पीरियल’ म्हणवली गेलेली स्टाउट ही काळी बिअर कडक होती ती भरपूर माल्टमुळे, म्हणजे साखर पुरवणाऱ्या, मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे. तिची पारख नुसत्या डोळ्यांनी करूच नये. फ्रीजमधून काढल्यावर ग्लास तळहातात धरून गारवा थोडा उतरू द्यावा. मग कॉफी-काकवीच्या वासामागून घशात उतरणारी ऊबच तिची खरी ताकद सांगते.