पाचाची पाऊणपट

मुंबईतल्या वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात जाळं सांधत बसलेल्या एका काकांना मी सहज विचारलं, आज भरती किती वाजता? त्यांनी मोबाइलला हातही लावला नाही. "नवमी ना आज? नवाची पाऊणपट. पावणेसात."

हा हिशेब अख्ख्या किनाऱ्याला पाठ आहे, आणि त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत पाणी बाराच्या आसपास चढतं. तिथून दिवसाला पाऊण तास धरत गेलं की तिथीवरून वेळ निघते. पन्नासाऐवजी पंचेचाळीस मिनिटं धरल्याने थोडी तूट राहते, पौर्णिमेला तर हिशेब सव्वाअकराच सांगतो. पण होडी कधी काढायची हे ठरवायला तो पुरतो. पाण्याचा जोरही तिथीवरूनच कळतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तो भांग. खुंटाला बांधलेलं डोल जाळं उधाणाच्या ओढीवरच भरतं.

आता 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाची पाऊणपट पावणेचार, आणि त्या दुपारी भरती आली ती चारच्या सुमारासच. आपल्या नाल्यांची बरीच मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. समुद्र चढला की पावसाच्या पाण्याला वाट उरत नाही. तापमानवाढीने समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे ही अडचणही वाढत जाणार. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही जी वेळ बोटांवर काढता येते, ती आपल्या सोसायट्यांमध्ये किती जणांना ठाऊक असते? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

खाडीकाठच्या तिवरांचंही, म्हणजे खारफुटीच्या झाडांचंही, तसंच. चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळं लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. तिवर तोडलं की मासळी जाते, हे कोळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. उच्च न्यायालयाने ती तोडायला बंदी केली 2005 मध्ये, आणि तोवर पुष्कळ खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी, भरावाखाली गेली होती.

तिथी सगळंच सांगते असं मात्र नाही. अरबी समुद्र तापतोय. मे 2021 मधलं तौक्ते वादळ कुठल्या पाऊणपटीत बसणार? म्हणून काकांच्या फोनवर आता हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचे इशारेही येतात. वादळाचा इशारा आला तर होडी कुठे नेता, असं विचारल्यावर त्यांनी सुई तशीच हातात धरून खाडीकडे बोट केलं. तिथे, तिवरांच्या आडोशाला, दोन होड्या दोरांनी बांधलेल्या होत्या.