डिसेंबरात उघडा पडणारा थर्मोस्टॅट

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या दिसतात: गाडी गरम होते. कोणी रेडिएटर धुऊन घेतो, कोणी कूलंट, म्हणजे इंजिनात फिरून त्याची उष्णता वाहून नेणारा द्रव, बदलतो, कोणी फॅनच्या नावानं खडे फोडतो. याच्या नेमकी उलटी तक्रार घेऊन गेलात, म्हणजे ‘गाडी तापतच नाही’ असं सांगितलंत, तर मिस्त्री आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. मग म्हणतो, चांगलंच आहे की! आणि वर, ‘आपला खान्देशमा थर्मोस्टॅटनं काय काम शे भाऊ?’

या समजुतीपायी कितीतरी जुन्या डिझेल जीपा आणि काळ्या-पिवळ्या गाड्या थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं धावल्या. त्यामागचा हिशेब वरवर बरोबर वाटतो. एवढं ऊन आहे, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत अडथळा हवाच कशाला? पण आपल्याला भाजून काढणारं ४५ अंशांचं ऊन इंजिनाच्या लेखी थंडच असतं. त्याला कूलंट हवा असतो ८५ ते ९५ अंशांच्या आसपास. भुसावळची भर दुपारही त्याच्या निम्म्यावरच थांबते.

थर्मोस्टॅट ही इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वाटेवर बसवलेली एक झडप असते. तिच्या पोटात धातूची छोटी डबी आणि डबीत मेण. मेण घट्ट असतं तोवर स्प्रिंग झडप बंद धरून ठेवते. कूलंट इंजिनातच गोल फिरत राहतो आणि लवकर तापतो. तो ठरलेल्या तापमानाला पोचला, बहुतेक गाड्यांत ८२ किंवा ८८ अंशांना, की मेण वितळतं. वितळताना फुगतं आणि डबीतल्या दांडीवर जोर देऊन झडप उघडतं. पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. त्यामुळे झडप सहसा पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद नसते. गरजेनुसार थोडी पुढे, थोडी मागे अशी सरकत राहते. वीज नाही, संगणक नाही. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत विकसित केलेली ही मेणाची युक्ती आजही बहुतेक गाड्यांत तशीच आहे. काही नव्या गाड्यांत मेणाला विजेनं तापवण्याची सोय तेवढी जोडली गेली.

मेण गळून गेलं तर झडप उघडतच नाही आणि गाडी उकळते. हा बिघाड लपत नाही. स्प्रिंग कमजोर झाली, रबरी सील झिजली किंवा झडपेच्या फटीत खपली अडकली, तर मात्र झडप बंदच होत नाही. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतत राहिलं की अशा क्षारांच्या खपल्यांना तोटा नसतो. आपला विषय या दुसऱ्या बिघाडाचा, आणि तो गुपचूप राहणारा आहे.

डिझेल इंजिनात तो जास्त जाणवतो, कारण हे इंजिन मुळातच थंड प्रकृतीचं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनात ठिणगी नव्हती, आजही नसते. हवा सोळा-सतरा पट दाबायची, ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. या पद्धतीत इंधनाचा मोठा वाटा कामाला लागतो, म्हणून वाया जाणारी उष्णता पेट्रोल इंजिनापेक्षा कमी. शिवाय हवेला आडकाठी नसल्यानं गाडी नुसती चालू उभी असताना सिलिंडरमध्ये भरपूर हवा आणि चिमूटभर डिझेल असा प्रकार असतो. आकड्यांत सांगायचं तर एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, वीजबिलावर असतं तेच युनिट. उभ्या गाडीचं छोटं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, म्हणजे पाच-सात युनिट. तीच गाडी ताशी ८० किलोमीटरनं, लिटरला २० किलोमीटर देत धावली तर तासाला ४ लिटर, म्हणजे ४० युनिट. म्हणून थंडीत सकाळी अंगणात गाडी चालू ठेवून ‘तापवत’ बसण्यात डिझेलवाल्यानं वेळ घालवू नये. अर्ध्या-एक मिनिटानं निघावं आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवावं.

आता मुख्य गोष्ट. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानांतल्या फरकावर ठरतं. कूलंट ८८ आणि हवा ४३ अंश असेल तर फरक ४५ अंशांचा. डिसेंबरात पहाटे धुळ्यात हवा ८ अंश असेल तर फरक ८० अंशांचा. तोच रेडिएटर, तोच वारा, आणि उष्णता फेकण्याची ताकद जवळपास पावणेदोन पट. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो झडप आवळतो आणि आकडा होता तिथंच राहतो. झडप कायम उघडी असेल तर आवळणार कोण?

मग इंजिनाचं तापमान हवेच्या मागे मागे जाऊ लागतं. समजा, अशी गाडी हायवेवर एका वेगानं धावताना हवेपेक्षा ३५ अंशांनी जास्त तापते. मे महिन्यात ४३ अधिक ३५, म्हणजे ७८. चालकाला काही कळत नाही, काटा जवळपास जागेवर. डिसेंबरात ८ अधिक ३५, म्हणजे ४३. प्रत्यक्षात वेग, भार, चढ-उतार यांनी आकडे हलतील, पण दिशा हीच. आपल्या भागात उन्हाळा हा बिघाड झाकतो आणि हिवाळा उघडा पाडतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या तापमापकाचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, की गाडी तपासायला याहून चांगला मोसम नाही. मे महिन्यात ‘ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेली गाडी जानेवारीत पुन्हा न्यावी ती यासाठीच.

थंड चालल्यानं बिघडतं काय? ऑइल घट्ट राहतं, घर्षण वाढतं. संगणकाला वाटतं इंजिन अजून तापायचंय, म्हणून तो इंधनाचं आणि ईजीआरचं (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्याच्या सोयीचं) गणित थंड इंजिनासारखंच ठेवतो. ॲव्हरेज घसरतं. सिलिंडरच्या थंड भिंती दाबलेल्या हवेतली उष्णता शोषतात, पेट घ्यायला उशीर होतो, ठोक्याचा आवाज वाढतो आणि कधीकधी पांढरट धूर दिसतो. ज्वलनातून तयार झालेली वाफ ऑइलमध्ये उतरते आणि इंजिन पुरेसं तापलं नाही तर ती उडूनही जात नाही. मग ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट मलई दिसते. (ती दिसल्याबरोबर हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी सील, गेलं म्हणून हेड उघडायला देऊ नका. कूलंट कमी होत नसेल तर आधी हा साधा संशय घ्यावा.)

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर मुद्दाम ६०० अंशांच्या आसपास तापवला जातो, पण कूलंट पुरेसा गरम झाल्याशिवाय संगणक हे काम सहसा सुरूच करत नाही. काजळी साठत जाते, डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो, आणि सगळे फिल्टरला दोष देतात. जाळण्याचं काम सुरू होऊन पुन्हापुन्हा अर्धवट राहिलं तर जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. थर्मोस्टॅट डीपीएफच्या मानानं किरकोळ किमतीचा भाग आहे, हे फिल्टर बदलायची घाई करणाऱ्याला विचारून पाहावं.

तपासणीची सुरुवात काट्यापासून करू नये. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. कूलंट ७५ असो की १००, तो मधोमध उभा. काही गाड्यांत तर काटाच नाही, इंजिन तापू लागलं की निळा दिवा तेवढा विझतो. ओबीडीच्या सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या जागेला) लागणारा ब्लूटूथ डोंगल स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर कूलंटचा खरा आकडा दाखवतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन द्या आणि कूलंट व आत येणारी हवा यांचे आकडे बघा. दोन्ही बाहेरच्या तापमानाच्या जवळपास, तीन-चार अंशांच्या आत हवेत. हवा ९ आणि कूलंट २५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे, कारण खान्देश कितीही गारठला तरी तिथवर जात नाही.

सेन्सर प्रामाणिक ठरला की रस्त्यावर निघा. धुळ्याहून शिरपूरच्या दिशेचा मुंबई-आग्रा महामार्ग यासाठी उत्तम. सोनगीर येईपर्यंत आकडा ८५-९०च्या घरात येऊन बसायला हवा आणि पुढे नरडाण्यापर्यंत दोन-चार अंशांपलीकडे हलायला नको. उघड्या थर्मोस्टॅटची खूण वेगळी: गावातल्या गर्दीत आकडा चढतो, हायवेला लागलं की खाली येतो. इंधन जास्त जळत असूनही खाली येतो, कारण रेडिएटरवरचा वारा त्याहून जोरात वाढलेला असतो. कन्नड घाट उतरताना तर हे ठळक दिसतं. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला डिझेलच मिळत नाही, उष्णता जवळपास शून्य, समोरून वारा. चांगली झडप बंद होते आणि आकडा थोडा उतरून थांबतो. उघडी असेल तर चाळीसगावकडचा पायथा येईपर्यंत घसरतच राहतो. रोज घर ते बाजार असं तीन-चार किलोमीटर चालवणाऱ्यानं मात्र थर्मोस्टॅटला बोल लावू नये. एवढ्या अंतरात थंडीतलं धडधाकट डिझेलही तापत नाही.

हातानंही पडताळता येतं. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला अधूनमधून हात लावा (फॅन आणि बेल्टपासून लांब, फॅन अचानक सुरू होतो). कूलंट ८०च्या जवळ येईपर्यंत पाइप गार राहून मग झपाट्यानं तापला तर झडप ठीक. पहिल्या मिनिटापासून इंजिनासोबत कोमट होत गेला तर झडप उघडी. काही गाड्यांत थर्मोस्टॅट रेडिएटरहून परत येणाऱ्या खालच्या पाइपच्या बाजूला असतो, तिथं ही परीक्षा इतकी स्वच्छ उतरत नाही. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड असेल तर संगणकाचंही मत तेच: अपेक्षित वेळेत कूलंट अपेक्षित तापमानाला पोचला नाही.

एका सापळ्यापासून जपावं. कूलंटची पातळी इतकी खाली गेली असेल की सेन्सर हवेच्या पोकळीत उघडा पडला, तर तो कमी तापमान दाखवतो आणि इंजिन प्रत्यक्षात भाजत असतं. म्हणून आकडा कमी दिसला तरी आधी कूलंटची टाकी बघायची, तीही गाडी थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की आतला दाब उकळतं पाणी अंगावर फेकतो.

थर्मोस्टॅट सुटा निघत असेल तर घरच्या पातेल्यात त्याची परीक्षा होते. पाण्यात दोऱ्यानं लटकवा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. झडप हलायला लागेल ते तापमान कडेवर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश मागेपुढे असावं. थंड असतानाच झडपेतून उजेड आरपार दिसला तर पाणी तापवायचीही गरज नाही. अलीकडच्या गाड्यांत तो प्लास्टिकच्या घरासकट अखंड येतो, तिथं सरळ जोडच बदलतात. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या डिझेल इंजिनांत ईजीआर कूलरचा स्वतंत्र दुसरा थर्मोस्टॅट असतो. पहिला बदलूनही आकडा चढत नाही तेव्हा तो आठवावा.

आणि काढूनच टाकला तर? पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. झडप उघडली की ती चकती इंजिनातली आतल्या आत फिरण्याची वाट बंद करते, म्हणजे सगळा कूलंट रेडिएटरकडे जातो. थर्मोस्टॅट नसेल तर ती वाट कायम मोकळी, आणि कूलंटचा एक भाग रेडिएटर न बघताच परत फिरतो. अशी गाडी हिवाळ्यात थंड चालते आणि मे महिन्यात बिजासन घाट चढताना उकळते. ज्या भीतीनं थर्मोस्टॅट काढला, तीच खरी होते.

नवा बसवताना कंपनीनं दिलेल्याच अंशांचा घ्यावा. ८८च्या जागी ७६चा बसवून ‘सेफ’ झाल्याचं समाधान मिळतं, बाकी काही नाही. झडपेच्या चकतीवर छोटं भोक आणि त्यात हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला यावी, हवा तिथून निघते. कूलंट भरून हवा काढा आणि पुन्हा त्याच सोनगीरच्या रस्त्यानं, शक्यतो तशाच थंड सकाळी, जाऊन या. तरीही आकडा ६०-७० वरच घुटमळत असेल तर बोनेट उघडून फॅन बघा. बेल्टवरच्या फॅनचा व्हिस्कस क्लच (गरजेपुरताच फॅन जोरात फिरवणारा जोड) जाम झाला असेल तर तो थंड इंजिनातही पूर्ण जोरानं फिरतो, आणि विजेच्या फॅनचा रिले चिकटला असेल तर किल्ली फिरवल्यापासून घरघर सुरू असते.